तीन हात नाका ते रामशेज : आमची वाटचाल

जानेवारी 2026 मध्ये आमच्या द्राक्षवाटेला सतरा वर्षं पूर्ण झाली. ठाण्यातून ट्रेक नेणारे गट तेव्हाही पुष्कळ होते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, नाणेघाट सगळेच करत. पण सकाळी गड, दुपारी द्राक्षबाग आणि उन्हं कलताना वायनरी, असा एका दिवसाचा चालत जायचा मार्ग आखून ठाणेकरांपुढे ठेवला तो आम्ही. हे मी ठासून लिहितोय, कारण गेली काही वर्षं याचं श्रेय दुसरंच कुणी मिरवतंय. ते पुढे येईलच.

मी वागळे इस्टेटमधल्या एका मशीन शॉपमध्ये टर्नर होतो. 2008 च्या दिवाळीनंतर ऑर्डरी आटल्या आणि आठवड्यातून तीनच दिवस काम उरलं. माझा पहिला भागीदार तिथेच इन्स्पेक्शनला होता. रिकाम्या दिवसांत आम्ही दोघं कसाऱ्यापलीकडचे गड फिरायचो. असंच एकदा नाशिकजवळचा रामशेज गड उतरून पायथ्याच्या आशेवाडीतून बाहेर पडताना पाणी मागायला एका वस्तीवर थांबलो, आणि तिथे आबा भेटले.

2001 मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, नाशिकभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या, तेव्हा आबांनी दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून शेनिन ब्लांक ही वाइनची जात लावली होती. खायच्या द्राक्षाचा मांडव माणसाच्या डोक्यावर असतो. वाइनच्या बागेत घड कमरेच्या उंचीवर, तारेला लागून येतात, मणी बारीक, घड गच्च. ओळीतून चालताना दोन्ही बाजूंनी पानं खांद्याला लागतात आणि समोर रामशेजचा कातळ दिसतो. मी भागीदाराकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. लोकांना हेच दाखवायचं, हे तिथेच ठरलं.

पहिली बॅच अकरा जणांची. पहाटे पावणेपाचला तीन हात नाक्याहून निघालो. सामान काय होतं? तीस मीटर दोर, प्रथमोपचाराची पेटी, दोन शिट्ट्या, चुन्याची पिशवी आणि भागीदाराने स्वतःच्या पैशाने घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर. हे शेवटचं हत्यार मला फार प्रिय आहे. वीतभर नळी. मणी चिरडून रसाचे दोन थेंब तिरप्या काचेवर टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वरचा भाग निळा, खालचा पांढरा. दोन्ही मिळतात तिथला आकडा म्हणजे ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर. शेनिन साधारण 20 ते 22 ला तोडणीला येते. आयुष्यभर मायक्रोमीटर वाचलेला माझा भागीदार तो आकडा अर्ध्या अंकापर्यंत वाचायचा. लोक रांग लावून डोळा लावत. गडावरून आलेल्या माणसाला वाइन म्हणजे शेतातलं पीक आहे हे कळायला तो एक आकडा पुरतो, भाषण लागत नाही.

त्याच अकरात नौपाड्यातल्या काकू होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पायात ॲक्शनचे बूट, पाठीला कापडी पिशवी. वाइनला त्यांनी कधी तोंड लावलं नाही, पण पहिल्या बॅचपासून त्यांचा एकही हंगाम चुकलेला नाही. वायनरीत सगळे ग्लास फिरवत असताना काकू तिथल्या माणसाला टाकीचं तापमान विचारत बसायच्या.

भागीदार 2012 मध्ये शारजाला गेला. जाताना रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातात ठेवला, हिशेबाची वही पूर्ण करून दिली. आमच्यात एका रुपयाचा वाद झाला नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने एक हंगाम खाल्ला. बाकी वर्षं चांगली गेली.

मग 2017 चा जानेवारी.

आमच्याकडे दोन हंगाम को-लीडर म्हणून एक मुलगा होता. नाव घेत नाही. हुशार, पायाने मजबूत, बोलायला गोड. मी त्याला सगळं दाखवलं होतं : गडाची कोणती सोंड उतरायची, भोरगडच्या राखीव क्षेत्राच्या कडेने किती आवाज न करता जायचं, आबांच्या बांधावर मी चुन्याने काढलेले बाण कुठे आहेत. दिवाळीत तो सांगून गेला की घरचं काम आहे, यंदा जमणार नाही. जानेवारीत त्याच मार्गाची त्याची जाहिरात आली, आमच्यापेक्षा तीनशे रुपये कमी दरात. फोटोत माझा बाण होता. माझ्या हातचा चुन्याचा बाण, खाली आबांच्या बांधाचा दगड.

स्पर्धेचं मला काही नाही. वाट कुणाच्या बापाची नसते. पण बाग असते! त्याने एका रविवारी तीन बस आणल्या. आबा घरी नव्हते, नातवाला घेऊन नाशिकला दवाखान्यात गेले होते. फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. तोडणीला दहा दिवस बाकी. शंभराहून जास्त माणसं स्पीकर लावून ओळींत शिरली. फोटोसाठी घड तोडले, टाकून दिले. ठिबकच्या नळ्या तुडवल्या. तारेवर कुणीतरी रेलून बसलं आणि कडेचा लोखंडी अँगल वाकला. फुटलेल्या मण्यांवर माश्या बसल्या, आंबट वास सुटला, आणि शेनिनचे घड गच्च असल्यामुळे एका मण्याची कूज शेजारच्यांत उतरली. वायनरीच्या माणसाने अकरा ओळी नाकारल्या.

आणि नाव आमचं झालं. कारण त्याच्या लोकांचे टी-शर्ट आमच्यासारखेच केशरी होते.

पुढच्या शनिवारी पहाटे अडतीस जण घेऊन मी पोचलो तेव्हा फाटकाला साखळदंड होता. आबा आतून बोलले, “तुमचीच माणसं ना?” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “वाट तर तुम्हीच दाखवली.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आजूबाजूच्या चार बागाईतदारांनीही दारं लावली. हंगामाच्या उरलेल्या नऊ बॅचेस रद्द झाल्या. ॲडव्हान्स सगळ्यांना परत केला, शेवटच्या पैपर्यंत, त्यासाठी कर्जावर घेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर विकली. तो मुलगा मात्र दुसऱ्या तालुक्यात जाऊन तीच सहल चालवत राहिला. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “दादा, पब्लिक कंट्रोल होत नाही, काय करणार?” दोन हंगाम माझ्या हाताखाली काढलेल्या माणसाचं हे वाक्य मी विसरलेलो नाही.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. “आबांकडे गेलास का?” मी म्हटलं, कुठल्या तोंडाने जाऊ. त्या म्हणाल्या, “तुझ्याच. उद्या सकाळच्या तपोवनने निघू.” ठाण्याला गाडीत चढलो, नाशिक रोडला उतरलो, तिथून रिक्षा, मग जीप. काकू आबांच्या ओट्यावर बसल्या आणि तासभर ट्रेकचा विषयच काढला नाही. आबांच्या सूनबाईंशी कुरडयांबद्दल बोलल्या, नातवाचं गणित तपासलं. निघताना म्हणाल्या, “अकरा ओळींचे किती झाले ते सांगा. हा देईल.” आबांनी आकडा सांगितला. मी हप्त्यांनी देतो म्हटलं. आबा थोडं थांबून म्हणाले, “पैसे द्या. आणि खरड छाटणीला या. बाग काय असते ते तरी कळेल तुमच्या माणसांना.”

खरड छाटणी म्हणजे तोडणीनंतर वेल मागे कापणं. एप्रिलमध्ये आम्ही चौदा जण गेलो, सगळे जुने ग्राहक. ऊन असं की कात्रीची मूठ धरवत नव्हती. ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे (कोंब फुटायच्या जागा) ठेवून बाकी काडी उतरवायची. ते काम गड्यांचं, आम्हाला काड्या ओढून बांधावर रचायला दिल्या. दुसऱ्या दिवशी आबांनी माझ्या हातात कात्री दिली आणि मागे उभे राहिले. सात वेलांनंतर म्हणाले, “चालेल.” टर्नरच्या परीक्षेत पास झालो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. पुढच्या हंगामात फाटक उघडलं. पैसे 2019 मध्ये फिटले.

नंतर लॉकडाउन आलं. ते सगळ्यांनाच आलं.

या धंद्यात नवीन उतरणाऱ्यांना सांगतो. बागेत शिरण्याआधी काल काय फवारलं ते विचारा, आणि विचारल्याशिवाय कुणाला मणी तोंडात टाकू देऊ नका. दव सुकल्याशिवाय ओळीत माणसं घालू नका, ओल्या पानातून डाऊनी ही बुरशी पसरते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, वेलाच्या डोळ्यांना पेस्टिंग होतं, फूट यावी म्हणून औषधाची पेस्ट लावतात, त्या आठवड्यात त्या बागेकडे फिरकूच नका. पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं. ते अंगावर आलं आणि वर वाइन घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. दवाखाना गाठावा लागतो. गडी लोक हे जाणतात, त्या दिवसांत ते दारूला शिवत नाहीत. सहल नेणाऱ्यांपैकी किती जण जाणतात? आधी गड, मग बाग, शेवटी वायनरी, हा क्रम उलटा करू नका. एकवीस वर्षांखालच्यांना ग्लास नाही, मग आईवडील कितीही म्हणोत. भोरगडच्या माथ्यावर हवाई दलाचं रडार आहे, तिथे जायचा हट्ट कुणी धरला तर त्याला बसमध्ये बसवा. आणि फाटकातून आत किती गेले, बाहेर किती आले, हे स्वतः मोजा. मी हाताचं मोजणी यंत्र वापरतो, दर माणसामागे एक टिक. बॅच आता पस्तीसवर नेत नाही.

टी-शर्ट आता आम्ही देत नाही.

समृद्धीचा आमणे-इगतपुरी टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पिकअप पावणेपाचवरून साडेपाचवर आला. ठाण्यातून या मार्गावर जाणारे गट आता कितीतरी आहेत. त्या मुलाची जाहिरात अजून येते, फोटो तोच. मी दोनदा काढायला सांगितलं. त्याने बाण खोडला, बांध तसाच ठेवला.

काकूंचे गुडघे आता गड चढू देत नाहीत. बॅच वर जाते तेव्हा त्या आबांच्या ओट्यावर थांबतात. आम्ही उतरून येईपर्यंत त्यांनी पाच ओळींतले पाच मणी तपासून माझ्या वहीत आकडे लिहिलेले असतात. यंदा तिसऱ्या ओळीत 21 आलं. आबा म्हणाले साडेवीस. दोघांनी पुन्हा मणी चिरडला.