तुमची पोरं टिकत का नाहीत?

‘सर, तुमची पोरं कंपनीत टिकत नाहीत हो. कष्ट नकोतच ह्यांना.’ मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला, म्हणजे यंत्रांचे भाग घडवायला-जोडायला शिकवतो. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांतले सुपरवायझर, एचआरवाले, लग्नात भेटणारे पाहुणे, सगळे हेच म्हणतात. तुम्ही कंपनीवाले, तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी फिटरचं पोरगं काय करतं ते आधी बघा. लोखंडाचा तुकडा बेंच व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, आवळायचा आणि उभ्याउभ्या फाइल (कानस) मारायची. दिवसेंदिवस तेच. तळहाताला फोड येतात, फुटतात, मग घट्टे पडतात. जॉबला, म्हणजे त्या तुकड्याला, काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा. पात्याखालून बारीकशी फट दिसली, की पुन्हा फाइल. एक बाजू काटकोनात आणता आणता दुसरी जास्त खाल्ली जाते, माप कमी भरतं, जॉब वाया. नवा तुकडा घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. हे करणारी कितीतरी पोरं खेड-जुन्नरकडून पहाटेच्या एसटीने येतात आणि काही जण संध्याकाळी पार्सलं पोचवायला जातात. ह्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग टिकत का नाहीत? आमच्या वेळी अप्रेंटिसशिप संपली, की बऱ्याच जणांना कंपनी कन्फर्म करायची. पीएफ, ग्रॅच्युइटी, कंपनीची बस, आणि ह्या सगळ्याच्या जोरावर घराचं कर्ज. त्या भरवशावर आम्ही रात्रपाळ्या काढल्या. आजचं पोरगं आधी ट्रेनी, मग कंत्राटदाराच्या रोलवर, काही महिन्यांनी ब्रेक, की पुन्हा नव्याने. २०१३ मध्ये नीम नावाची सरकारी प्रशिक्षण योजना आली. तिच्यात पोराला तीन वर्षांपर्यंत शिकाऊ म्हणून ठेवता यायचं. कामगार म्हणून नोंद नाही, पीएफ नाही, आणि हातात येणार ते अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं विद्यावेतन. दोन वर्षं ट्रेड शिकलेल्या पोरालाही तोच दर! योजना बंद झाली, पण कंपन्यांना लागलेली सवय गेली नाही. शेजारच्या मशिनवरचा कायम कामगार तेच काम करून काही पट पगार घेतो, हे पोरगं रोज बघतं. पलीकडच्या गेटवर दीड हजार जास्त मिळाले की ते जातं. मी त्याला थांब म्हणून सांगत नाही.

हीच पोरं कंपनी सोडून गावी जातात आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागतात. पहाटे साडेचारला हायवेच्या कडेने धावतात. १६०० मीटरची वेळ सेकंदासेकंदाने खाली आणायची, सव्वासात किलोचा गोळा फेकायचा, दिवसभर लेखीचा अभ्यास. महाराष्ट्र पोलिसांच्या २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. आपला नंबर लागणं किती अवघड आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, तरी दोन-दोन, तीन-तीन वर्षं घाम गाळतात. वर्दीची हौस असतेच, पण मुळात ती नोकरी कायम असते.

२०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. तेव्हाच्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तास होते. बारा तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास झाले. ओव्हरटाइमच्या नावाखाली माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी एवढं काम केलंय, मूर्तींनी सांगायच्या आधीपासून.

पोरांची एक गोष्ट मलाही पटत नाही. न सांगता सोडून जातात, फोन उचलत नाहीत. त्यावर मी वर्गात रागावून बोलतो. पण सकाळच्या पाळीला आलेल्या पोराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून गेटवरूनच परत पाठवलेलंही मी पाहिलंय. त्याला कोणी आठ दिवसांची नोटीस दिली नव्हती.

भोसरीत एक छोटा वर्कशॉपवाला आहे, साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममधला जुना माणूस. पहिल्या महिन्यापासून पीएफ भरतो, हेल्परचं काम करून घेतानाच सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचं, सेटिंग शिकवतो आणि वर्षाने पगार किती वाढणार हे आधीच कागदावर देतो. पोरं त्याच्याकडे वर्षानुवर्षं आहेत. तुमच्याकडे ट्रेनी किती महिन्यांनी कन्फर्म होतो, त्याचा पीएफ कोण भरतं आणि त्याला नवीन काय शिकायला मिळतं, एवढं मला लिहून पाठवा. नव्या बॅचला मी ते वाचून दाखवीन.