शेतातलं खत तळ्यात जातं ते असं

जोराचा पाऊस झाला की ओढा गढूळ होतो, आणि त्या गढूळपणात नुसती माती नसते बरं का, खतातला फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून बसतो त्यामुळे माती वाहिली की तोपण गेलाच. नायट्रेटचं, म्हणजे खतातल्या नायट्रोजनच्या एका रूपाचं, वेगळं, ते पाण्यात विरघळतं आणि गुपचूप खाली झिरपतं, विहिरीपर्यंत.

१९७३ साली कॅनडात एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले होते, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं पण फॉस्फरस एकाच बाजूला, आणि तेवढीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. नंतर हे शेवाळ मरतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे गुदमरतात.

उपाय म्हणाल तर ओढ्याकाठी गवताचा पट्टा सोडा, पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ तिथेच अडतो. पण पाणी एखाद्या घळीतून थेट ओढ्यात उतरत असेल तर पट्टा नुसता शोभेला! म्हणून पाऊस चालू असताना एकदा छत्री घेऊन बांधावर जाऊन बघाच, पाणी नेमकं कुठून पळतंय ते. आणि जमिनीखालून पाइपाने निचरा होत असेल तर नायट्रेट पट्ट्याखालून सरळ निघून जातं, तिथे छोटी पाणथळ जागा बरी, तिथले जीवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात.

बाकी माती परीक्षण न करता अंदाजाने खत टाकणं, तेही मोठ्या पावसाच्या तोंडावर, हे मला तरी पैसे ओढ्यात ओतल्यासारखंच वाटतं.