सहा ‘चंदीगड’ खुर्च्या आणि टेम्पोचे ७,९०० रुपये

सगळ्यात आधी हे: टेम्पो आपल्या गावचा, ओळखीचा घेऊन जा. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

नव्या फ्लॅटसाठी मला १९५०-६०च्या दशकांतलं सागवानी फर्निचर हवं होतं. निमुळते तिरके पाय, वेताची पाठ, नक्षीचं नाव नाही. हल्ली त्याला मिड-सेंच्युरी म्हणतात. आमच्या घरी त्याला ‘कचेरीतल्या खुर्च्या’ म्हणायचे. लातूरच्या शोरूममध्ये सगळं गुबगुबीत आणि सोनेरी बटणांचं. म्हणून धाकट्या भावाला गाडी चालवायला घेतलं आणि तीन दिवस काढले.

पहिले दोन दिवस छत्रपती संभाजीनगरात गेले. बरे गेले. जुन्या सामानाची दुकानं शहरात आहेत, लोक बोलतात नीट, भाव मोठ्या शहराचे. एक टीपॉय आवडला, गाडीत बसला, घेतला. त्यावर अजून लिहिण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवसाचं सांगते. नांदेडच्या बाजूला एका तालुक्याच्या गावाबाहेर गोदाम होतं. फोनवर फोटो आले होते: सहा खुर्च्या, ‘ओरिजिनल चंदीगड’, ९,००० रुपये नग. डांबरी रस्ता सोडल्यावर सात किलोमीटर, असं गोदामवाला म्हणाला होता. अकरा निघाले. रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला रस्ता, त्यावर आदल्या रात्री अवकाळी पाऊस आणि खाली काळी माती. चाकाला चिकटून चाकंच जाड होत होती. दोनदा उतरून काठीने चिखल खरवडला. पाऊस झाला असेल तर त्या वाटेला जाऊ नका. खुर्ची कितीही सुंदर असो.

चंदीगडची भानगड थोडक्यात. चंदीगड उभं राहत होतं तेव्हा शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ ते १९६५ तिथेच राहून काम करत होता. तिथल्या कचेऱ्या, लायब्ररी, हॉस्टेलं यांच्यासाठी सागवान आणि वेताचं साधं, दणकट फर्निचर झालं. पुढे तेच भंगारात निघालं आणि परदेशातल्या लिलावांत लाखोंना जायला लागलं. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने ते विकण्या-नेण्यावर निर्बंध घालायचे निर्देश दिले. म्हणजे नांदेडजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहाच्या सहा सापडल्या तर एकतर त्या खोट्या, नाहीतर घेण्यासारख्या नव्हेत. हे मला घरी बसून कळायला हवं होतं. फोटो बघून डोकं फिरतं.

“ताई, तुमाला म्हनून सांगायलोय. ह्याच खुर्च्या मुंबईत लाखाला जायल्यात,” गोदामवाला म्हणाला.

चहा आला. चहा पिऊ नका, खुर्ची उलटी करा. मी केली. बुडाला स्क्रू फुलीच्या खाचेचे, चकचकीत. जुन्या कामात सांधा खाचेत कूस, म्हणजे लाकडाचीच जीभ, बसवून केलेला असतो, आणि कुठे स्क्रू असलाच तर त्याच्या डोक्यावर बहुधा एकच सरळ खाच. पाठीवर पांढऱ्या रंगात खात्याचा नंबर होता, पण रंग पॉलिशपेपरच्या ताज्या ओरखड्यांत उतरला होता. म्हणजे आधी खुर्ची घासली, मग ‘जुना’ नंबर टाकला! वेतावर खालच्या बाजूने पाण्याचं बोट ओढलं, तर पाणी मोत्यासारखं घरंगळलं. प्लास्टिक. पायाच्या तळाशी नखाने खरवडलं, तर खाली पांढरट लाकूड आणि वर चहासारखा रंग. सागवान आतूनही पिवळसर-तपकिरी असतं, जरा तेलकट लागतं आणि ताजं तासलं तर चामड्यासारखा वास येतो.

खुर्च्या तिथेच सोडल्या. आणि मग कोपऱ्यात, पत्र्याच्या कपाटांमागे, एक लिहायचं टेबल आणि हाताच्या दोन खुर्च्या दिसल्या. धुळीने राखाडी, एका खुर्चीचा वेत फाटून लोंबत होता. उलट्या केल्या. सांधे घट्ट, भुंग्याची भोकं चार-पाच, पण ठोकल्यावर ताजा पिवळा भुसा पडला नाही, कीड मेलेली. गोदामवाल्याला त्यांची किंमतच नव्हती. “त्या का? निजामकालीन हायत,” म्हणाला. आपल्याकडे जुनं दिसलं की निजामकालीन. निजामी राजवट संपली १९४८च्या सप्टेंबरात, आणि तेव्हाच्या खुर्च्यांना सहसा कोरीव पाठ, गोल कातलेले पाय. हे सरळ, तिरप्या पायांचं वळण मला नंतरच्या शाळा-कॉलेजांतलं, १९६२ला जिल्हा परिषदा आल्यावरच्या कचेऱ्यांतलं वाटतं. तिन्ही वस्तू मिळून ११,५०० ठरले. मला उडी मारावीशी वाटत होती, पण तोंड वाकडं करून उभी राहिले.

ती खुशी टेम्पोपर्यंत टिकली. तिथल्याच टेम्पोचे लातूरपर्यंत ४,२०० ठरलेले. दारात उतरल्यावर हिशेब असा: चढवायची हमाली ८००, उतरवायची ६००, लिफ्टमध्ये टेबल बसत नाही म्हणून तिसऱ्या मजल्याचे १,०००, थांबायचे ५००, ताडपत्री ३०० (“तिचं वायलं असतंय”), रिकामं परत जायचे ५००. एकूण ७,९००. टेबलाचा एक पाय टेम्पोवाल्याच्या हातात, रात्रीचे साडेदहा, खाली शेजारी बघत उभे. दिले. तुम्ही देऊ नका. हमाली, मजला, ताडपत्री, परतीची फेरी हे चार शब्द निघायच्या आधी फोनवर बोलून घ्या आणि मेसेजमध्ये लिहून घ्या. टेबलाची लांबी-रुंदी आणि लिफ्टचं दार घरीच मोजा. मी जिना मोजला होता, लिफ्ट नाही.

सरकारी लिलावाचा मार्ग बरा आहे, पण चिवटपणा हवा. कचेरीच्या फलकावर ‘निर्लेखित साहित्य’, म्हणजे वापरातून काढलेलं सामान, अशी नोटीस लागते, अनामत रक्कम भरून बोली लावायची. अडचण अशी की सगळा लॉट उचलावा लागतो: चार चांगल्या खुर्च्यांबरोबर वीस गंजकी कपाटं आणि तुटके पंखे. आधी भंगारवाला गाठून त्याच्याशी वाटणी ठरवून मगच बोली लावा. एकट्याने जाण्यात अर्थ नाही.

नवं करून घ्यायचं तर नवीन सागवान घेऊ नका, जुनं घ्या. आपल्याकडे माळवदाची घरं होती, मातीचं छत, खाली लाकडाचे खांब आणि तुळया. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांना त्या छताखाली झोपायची भीती बसली, घरं उतरवली गेली. अजूनही वाडे उतरतात आणि त्यांचं लाकूड वखारीत घनफुटावर मिळतं. पन्नास-साठ वर्षं आपल्याच उन्हात सुकलेलं. आता ते पिळत नाही की तडकत नाही. सगळं सागवानच असतं असं नाही, बाभूळही निघते, तेव्हा तासून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी गोष्ट खिळ्यांची. आमच्या सुताराने तुळई बघितली आणि हातच लावेना. “आत खिळा लागला की पातं गेलं, ताई.” भाऊ आणि मी दोन दिवस पकड घेऊन गच्चीत बसलो, एकेक खिळा बोटभर लांब. मग सुताराने माझ्याच जुन्या खुर्चीचं माप घेऊन तशा आणखी दोन केल्या.

वेताचं काम करणारा शोधायला सगळ्यात वेळ गेला. पूर्वी अंध व्यक्तींच्या शाळांमधून हे काम शिकवायचे. मला जे काका मिळाले तेही तिथेच शिकलेले, बोटांनी भोकं मोजून पैसे सांगतात. त्यांनी एकच अट घातली: एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला बैठकीवर खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवायचं. आपल्या उन्हाळ्यात वेत कडक होऊन कटकन तुटतो. खरेदीला मात्र उन्हाळाच बरा. लाकूड आकसलेलं असतं, ढिला सांधा लगेच हलतो; पावसाळ्यात तोच सांधा फुगून घट्ट वाटतो आणि दिवाळीनंतर कुरकुरायला लागतो.

टेम्पोवाल्याचा परवा फोन आला होता, काही हलवायचंय का म्हणून. उचलला नाही.