पाचवी सिंबल

आज सकाळी बर्लिन विमानतळावर आमच्या बँडचा दीड तास गेला तो कस्टमच्या टेबलासमोर. वाद्यं परदेशात नेऊन परत आणायची तर कार्नेट काढतात, वाद्यांचा पासपोर्टच म्हणा ना. गिटारचे सिरियल नंबरसुद्धा त्यात असतात. कस्टमच्या बाई एकेक सिंबल (ड्रमसेटची झांज) उचलून यादीशी ताडून बघत होत्या. यादीत चार, बॅगेत पाच! पाचवी आमच्या ड्रमरने निघताना "असू दे" म्हणत कोंबलेली. मग वेगळा फॉर्म, वेगळी बोलणी. (विकायचे टी-शर्ट कार्नेटमध्ये चालतच नाहीत, हे निदान आधी कळलं होतं.)

दुपारी हान्सा स्टुडिओ बाहेरून बघून आलो. १९७७ साली ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी इथे रेकॉर्डिंग करत होता, तेव्हा खिडकीतून बर्लिनची भिंत दिसायची. आम्हाला परवडलेला स्टुडिओ मात्र बर्लिनच्याच नॉयकोल्न भागातलं एक तळघर. आणि रात्री दहानंतर आवाज बंद! पुण्यात दहाला पोलीस येतात, इथे वरच्या मजल्यावरच्या आजी.

पावणेदहाला एक टेक घाईघाईत उरकला. ऐकला तर सगळ्यात भारी वाजलीये ती पाचवी सिंबल. ड्रमर तेव्हापासून कोणाशी सरळ बोलत नाहीये.