कोर्दोबातलं पाणी

८ मे, रात्री साडेअकरा

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी स्पेनमधल्या या गावाची मेस्किता, म्हणजे जुनी मशीद, पाहिली. फोटो कितीही पाहिलेले असोत, आत गेल्यावर काही बोलवेना. ८५० हून जास्त खांब, आणि कुठेही उभं राहिलं तरी रांगा तिरक्या-सरळ होत लांब जातात. बरेचसे खांब जुन्या रोमन आणि त्यांच्यानंतर इथे राज्य केलेल्या व्हिसिगॉथांच्या इमारतींतून काढून आणलेले. ते बुटके पडत होते, म्हणून कमानीवर दुसरी कमान चढवून छत उंच केलं. लाल वीट, पांढरा दगड, पुन्हा वीट. दमास्कसहून जीव वाचवून आलेल्या आणि इथला अमीर झालेल्या अब्द अल-रहमान पहिल्याने ७८५ च्या सुमारास हे काम काढलं. पुढच्या दोनशे वर्षांत त्याच्या वंशजांनी आणि शेवटी वजीर अल-मन्सूरने ते वाढवत नेलं.

१२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं आणि सोळाव्या शतकात खांबांचं हे रान मधोमध तोडून कॅथेड्रल उभारलं. त्याचं कोरीवकाम सुंदर आहे, हे खरं. तरीही मला ते खुपलं. तिथून पुन्हा खांबांत आले तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

बाहेर संत्र्यांचं अंगण आहे. झाडांच्या रांगा, आणि एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी नेणारे दगडी पाट. मी तिथे कितीतरी वेळ बसले. पाटाला इथे आसेकिया म्हणतात, टाक्याला अल्हीबे, रहाटाला नोरिया. सगळे शब्द अरबीतून आलेले. अरबांचं राज्य जाऊन आठ शतकं होत आली, पाण्याचे शब्द मात्र तेच. आपला हौदही अरबीच, हे तिथे बसल्यावर आठवलं. आणि स्पॅनिश नारांखा? ते तर आपलंच नारिंग, इराणातून अरबांबरोबर इथवर पोचलेलं. नदीचं नावही तसंच: ग्वादाल्किविर, म्हणजे ‘अल-वादी अल-कबीर’, मोठी नदी. रोमन पुलाजवळ तिच्या काठावर आल्बोलाफियाचा मोठा रहाट उभा आहे. त्याच्या आवाजाने इसाबेल राणीची झोपमोड व्हायची, म्हणून तिने तो काढायला लावला, असं सांगतात. आज दिसतो तो पुन्हा बांधलेला.

दुपारी जेवण म्हणजे सालमोरेखो: टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्हचं तेल वाटून केलेलं गार, दाटसर सार. वर उकडलेलं अंडं. हॅम नको म्हणून आधीच सांगितलं होतं.

पण आजचा दिवस खरा संध्याकाळी. मे महिन्यात इथे पातिओंचा उत्सव असतो. माणसं आपल्या घरांचे चौक सगळ्यांसाठी उघडतात, तिकीट नाही. चौकांची स्पर्धा १९२१ पासूनची, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनेही दखल घेतली. दुपारी दारं बंद, सहाला पुन्हा उघडली. सान बासिलियोच्या गल्लीत मी रांगेत उभी राहिले.

आत चुन्याच्या पांढऱ्या भिंती, आणि अगदी छतापर्यंत निळ्या कुंड्या टांगलेल्या. जिरेनियम, जाई, कार्नेशन. मध्ये विहीर. साताऱ्याला आजोळच्या वाड्याचा चौक असाच होता, फक्त मध्ये तुळस होती. तिथेही बाहेर ऊन रणरणत असताना चौकात गारवा असायचा. उन्हाळ्यात चाळिशीच्या पुढे तापणाऱ्या या गावाला उंच भिंती, सावली आणि ओलावा हवाच. असा चौक रोमनांच्या घरांतही होता, अरबांनी त्यात झाडं आणि पाणी आणखी जिवाभावाने रुजवलं.

घरच्या आजी ऐंशीच्या असतील. माझं स्पॅनिश मोडकं, पण हातवारे करकरून बोललो. वरच्या कुंड्यांना पाणी कसं घालता, विचारलं. त्यांनी कोपऱ्यातली लांब काठी आणली. टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला. अगदी आंबे उतरवायच्या झेल्यासारखी, फक्त ही वर पाणी नेते. एकेक कुंडी अशी भरायची, उन्हाळ्यात रोज, काही तास. हे काम त्यांच्या आईचं होतं, त्याआधी आजीचं. मुलगी शहराबाहेर राहायला गेली आहे, ती शनिवारी येऊन करते. त्यानंतर कोण करील, हे मी विचारलं नाही.

दहाला दार लावायची वेळ झाली. मी निघाले तर आजींनी हाक मारली, ‘इहा!’ (मुली!), आणि डबा भरून काठी माझ्या हातात दिली. वाटली त्याहून जड. निम्मं पाणी कुंडीत पडलं, निम्मं माझ्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळलं. आजींनी पुन्हा डबा भरला.