अनामिका आणि करंगळी: शोपँच्या ओपस १०, क्रमांक २ ची सोळा आठवड्यांची नोंद

संगीतकार शोपँची ए मायनरमधली ही पियानोची एत्यूद (सरावासाठी रचलेली छोटी रचना) ४९ बारची; एक बार म्हणजे चार बीटचा, चार ठोक्यांचा तुकडा. छापलेल्या वेगात वाजली तर दीड मिनिटाच्या आत संपते. तेवढ्या वेळात उजव्या हाताचं मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांना उसंत म्हणून नाही. क्रोमॅटिक स्केल (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने) वर जाते, खाली येते, आणि ती या तिघांनीच ओढायची. अंगठा आणि तर्जनी मदतीला येत नाहीत, कारण त्याच हाताने दर बीटला खाली एक छोटा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर, द्यायचा असतो. वेग मिनिटाला १४४ बीट, एका बीटला चार स्वर. म्हणजे दोन स्वरांमध्ये जेमतेम एक दशांश सेकंद.

बोटांचे आकडे नेहमीचेच: अंगठा १, तर्जनी २, मधलं ३, अनामिका ४, करंगळी ५.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘चौथं बोट दुबळं आहे, त्याला बळकट करा’ हे सगळीकडे ऐकू येतं. हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून त्याची पेरं टेबलाला टेकवा आणि बाकीची चार टोकं टेकलेली राहू द्या. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळीही उचलते. अनामिका चिकटवल्यासारखी जागच्या जागी. तर्जनी आणि करंगळीला उचलणारा जादा स्नायू आहे, अनामिकेला तसा नाही. शिवाय तळहाताच्या पाठीवर तिचा स्नायुबंध शेजारच्या बंधांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेला आहे. ही बांधणी आहे, दुबळेपणा नाही, आणि कितीही व्यायाम केला तरी ती सुटत नाही. म्हणून मऊ चेंडू दाबणं, स्प्रिंगची मूठ आवळणं याचा इथे उपयोग नाही. त्यात सगळी बोटं एकदम मिटतात, आणि आपल्याला हवं आहे नेमकं उलटं. संगीतकार शुमानचा उजवा हात कायमचा बिघडला आणि पियानोवादक व्हायचं स्वप्न त्याला सोडावं लागलं. बोटांवर जबरदस्ती करण्याआधी हे आठवावं.

शोपँने शिकवण्याच्या पद्धतीची जी अर्धवट टिपणं मागे ठेवली, त्यात त्याचं म्हणणं स्वच्छ आहे: प्रत्येक बोटाची घडण निराळी, तेव्हा सगळ्यांची ताकद सारखी करत बसण्यापेक्षा प्रत्येकाचा स्पर्श जोपासा. आणि या एत्यूदमध्ये बोटयोजना त्याने स्वतः जवळजवळ प्रत्येक स्वरावर लिहून दिली आहे. ती बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

आठवडे १ आणि २ (जूनचा मध्य)

पहिलं काम बोटाचं नव्हे, पट्टीचं. पट्टी किती वजनाने खाली जाते ते पाहायला दहा रुपयांची नाणी पुरतात. एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं. पट्टीच्या पुढच्या कडेला एकावर एक रचत जा. अकूस्टिक पियानो असेल तर उजवं पेडल दाबून धरा, म्हणजे डॅम्परचं (तारेचा नाद थांबवणाऱ्या गादीचं) वजन मोजणीत येत नाही. सहा-सात नाण्यांना, म्हणजे ४६ ते ५४ ग्रॅमला पट्टी हळूहळू बसली तर ठीक. नऊ नाणी लागत असतील तर पट्टी जड आहे किंवा अडकते आहे. मग दोनच नाणी ठेवून पट्टी वर येते का ते बघा. येत नसेल तर अनामिकेला बोल लावण्यात अर्थ नाही.

बडोद्यात ही तपासणी पावसाळ्यात पुन्हा करावीच लागते. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यानंतर जुलैत हवा ओली झाली की पट्टीखालच्या पिनांभोवतीचं फेल्ट फुगतं आणि पट्टी परतायला उशीर लावते. जुन्या उभ्या पियानोत हे हमखास. डिजिटलवर हा त्रास फारसा जाणवत नाही.

हाताची जागा: ई, मग एफ शार्प, जी शार्प, ए शार्प या तीन काळ्या, आणि शेवटी बी. लांब बोटं काळ्यांवर, आखूड बोटं पांढऱ्यांवर, पंजा आपोआप गोल. सगळे पांढरे स्वर घेऊन सी-पासून बसवलेला हात अनामिकेला आखडतो. इथे वेग नाही, मेट्रोनोमही (ठोके देणारं यंत्र) नाही. एकेक पट्टी तळापर्यंत दाबायची आणि आवाज निघाल्याबरोबर जोर सोडायचा, बोट मात्र पट्टीवरच. बोट उचलायचं नाही, पट्टीच त्याला वर आणते. सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका गोष्टीत आहे. उचलण्याच्या कामात अनामिका लंगडी, खाली जाण्याच्या कामात मुळीच नाही.

हार्मोनियमवरून पियानोकडे आलेल्यांनी जपावं असं एक: तिथे पट्टी हलकी असते, आवाज भात्यातून येतो आणि करंगळी बहुतेक वेळ बाहेर लोंबकळते. पियानोवर ती टोकावर उभी राहायला हवी. तिचं शेवटचं पेर आत मोडत असेल तर मनगट खाली बसलं आहे. मनगट बोटभर वर घेतलं की पेर आपसूक सरळ होतं.

आठवडे ३ ते ५

जोड्या: ३-४, ४-५, ३-५. मेट्रोनोम ५०, बीटला चार स्वर, तीस सेकंद वाजवायचं आणि तीस सेकंद हात मांडीवर. दिवसाला आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे. सलग पंचवीस मिनिटं केल्यास शेवटची दहा मिनिटं हात थकून चुकाच घोटतो.

डिजिटल पियानोचा इथे खरा उपयोग होतो. मिडी ध्वनिमुद्रण (त्यात आवाजाऐवजी दाबलेल्या पट्ट्यांची नोंद होते) करून प्रत्येक स्वराचा जोर आकड्यात बघता येतो, १ ते १२७. तिसऱ्या आठवड्यात ३-४ च्या जोडीत मधल्या बोटाचे आकडे ६८ च्या आसपास, अनामिकेचे ५० ते ५२. पाचव्या आठवड्याअखेर ६४ आणि ५९. बोट बळकट झालं म्हणून नाही. कोपर शरीरापासून चार बोटं दूर नेलं आणि हाताचा दांडा सरळ अनामिकेच्या मागे आला, त्याचा हा फरक. कोपर बरगडीला चिकटलं असेल तर मनगट करंगळीच्या बाजूला वाकतं आणि बंध वाकडे ओढले जातात. थकवा तिथूनच सुरू होतो.

एक बोट धरून ठेवून दुसरं वाजवण्याचे धडे या टप्प्यात घेतले, पण दिवसाला दोन मिनिटंच. तबल्यावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकलेली असते. दाबली की नाद बसतो. धरलेलं बोट पट्टीवर तसंच हवं: टेकलेलं, दाबलेलं नाही. धरलेल्या बोटाचं नख पांढरं पडलं की थांबायचं.

आठवडे ६ ते ८

आता प्रत्यक्ष क्रोमॅटिक स्केल, एका सप्तकाची, कॉर्डशिवाय. ३ आणि ४ आलटून पालटून. ई-एफ आणि बी-सी इथे दोन पांढऱ्या लागून येतात, तिथे ५ मदतीला. वर जाताना मधलं बोट ४ किंवा ५ वरून ओलांडून जातं. ओलांडायचं म्हणजे उडी मारायची नव्हे. पंजा किंचित डावीकडे कललेला, करंगळी आणि अनामिका काळ्यांच्या कडेशी, आणि पांढऱ्या पट्ट्यासुद्धा काळ्यांच्या जवळ आत वाजवायच्या. असं केलं की बोटांना पुढे-मागे धावावं लागत नाही. पांढरी पट्टी पुढच्या कडेला वाजवायची सवय असेल तर दर काळ्या स्वराला अख्खा हात आत ढकलावा लागतो आणि ७२ च्या पुढे स्वर अडखळतात.

वेगाची शिडी मेट्रोनोमवरचीच: ६०, ६३, ६६, ६९, ७२, ७६, ८०. लागोपाठ तीनदा स्वच्छ झालं तर एक पायरी वर. दोनदा बिघडलं तर दोन पायऱ्या खाली आणि त्या दिवशी परत वर जायचं नाही. सहाव्या आठवड्यात ६०, आठव्याच्या शेवटी ८४. उतरती स्केल सतत एक पायरी मागे राहिली, कारण उतरताना ४ आणि ५ ला मधल्या बोटाखालून सरकावं लागतं. ती वेगळी करावी, चढतीच्या जोडीला ओढू नये.

हे सगळं वहीत लिहून ठेवलं नाही तर पायरी विसरते. याच बडोद्यात १८८६ साली गायक मौलाबक्षांची संगीतशाळा सुरू झाली. गाणं लिपीत मांडून शिकवण्याचा त्यांचा आग्रह रियाजालाही लागू पडतो. तारीख, वेग, कुठला बार, कुठलं बोट: चार रकाने पुरतात.

आठवडा ९

८८ ला भिंत. पाच दिवस हलली नाही. हाताची पाठ आणि कोपराखालचा भाग तापायचा. कारण सोपं आहे: हळू वाजवताना प्रत्येक स्वराला वेगळी हालचाल परवडते, वेगात नाही. ६० ला बसलेली हालचाल नुसती वेगाने केली तर १४४ कधीच यायचं नाही. इथे पायऱ्या चढत राहणं हा चुकीचा उपाय.

आठवडे १० ते १२

उपाय तुकड्यांचा. पाच स्वर: एका बीटचे चार आणि पुढच्या बीटचा पहिला. ते थेट १२० ला, एका दमात, आणि पाचव्या स्वरावर थांबून पूर्ण सैल. मनगट त्या पाच स्वरांत एकच छोटा घेर घेतं, चार वेगळे धक्के देत नाही. जमलं की नऊ स्वर, मग सतरा. थांबण्याची जागा सरकवत जायची, म्हणजे पुढल्या वेळी तुकडा बीटच्या दुसऱ्या स्वरापासून. दहाव्या आठवड्यात पाच स्वर १२० ला, बाराव्यात सतरा स्वर ११२ ला. भिंत कुठे गेली ते कळलंही नाही.

करंगळीत आणि अनामिकेच्या बाहेरच्या अर्ध्या भागात मुंग्या आल्या तर तो थकवा नव्हे. कोपरापाशी दबणाऱ्या नसेची ती खूण आहे. वाजवणं तिथेच बंद. दुसऱ्या दिवशीही राहिल्या तर डॉक्टर.

आठवडे १३ आणि १४

कॉर्ड जोडले आणि वेग ६० वर उतरला. हे होणारच, घाबरायचं काम नाही. अंगठा दाबला गेला की त्याचा ताण तळहातातून थेट करंगळीपर्यंत जातो. कॉर्ड तुटक आणि हलका, टिचकीएवढा. दोन दिवस फक्त कॉर्ड वाजवावेत आणि वरची स्केल पट्टीला स्पर्श करत मुकी चालवावी. नंतर उलट: स्केल आवाजात, कॉर्ड मुके. मग दोन्ही, पहिले चार बार, ६६.

मिडीत पाहिलं तर बीटवरचा स्वर ८० च्या वर आणि पुढचे तीन ५५ ला पडलेले. अंगठ्याच्या धक्क्याने बीटवरचा वरचा स्वरही दणकतो. कॉर्ड आणखी हलका केल्यावर ६६ आणि ६०.

आठवडे १५ आणि १६

नवरात्र. नऊ रात्री गरब्याचे लाऊडस्पीकर, म्हणून संध्याकाळचा तुकडा हेडफोनवर. यात एक सापळा आहे: बाहेरच्या आवाजावर मात करायला माणूस नकळत जोरात दाबू लागतो. आवाजाचं बटण वाढवावं, बोट नाही. ध्वनिमुद्रणात चार दिवसांत सरासरी जोर ६० वरून ७४ वर गेलेला दिसला, आणि नेमकं तेव्हाच ८० चा वेग ७२ वर घसरला. पाचव्या दिवसापासून हेडफोन काढून पहाटेचा तुकडा वाढवला, वेग परत आला.

आजची स्थिती: पहिले आठ बार कॉर्डसह ९२, कॉर्डशिवाय ११६. नवव्या बारपासून पुढचं सगळं ६९. डावा हात अजून जोडलेला नाही. त्याच्या बेस-कॉर्डच्या उड्या स्वतंत्रपणे ८० ला सुरू आहेत. पावसाची ओल उतरली की नाण्यांची तपासणी पुन्हा, आणि मग दोन्ही हात एकत्र, ५० पासून.