कैरोतला एक बोळ आणि कलावूनचा दवाखाना

रक्ताभिसरण शिकवताना मी वर्षानुवर्षं विल्यम हार्वेचं नाव आणि १६२८ हे साल सांगत आले. तेराव्या शतकातला कैरोचा हकीम इब्न अन-नफीस मला फार उशिरा भेटला. इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथातल्या शरीररचनेवर भाष्य करताना त्यानं १२४२ सालीच लिहून ठेवलं होतं, की हृदयाच्या मधल्या पडद्याला भोकं नाहीत, उजवीकडचं रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं. ते हस्तलिखित १९२४मध्ये बर्लिनमध्ये एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागलं. हे वाचल्यापासून कैरो मनात घर करून होतं. या जानेवारीत जाऊन आले.

जुन्या कैरोतल्या अल-मुइझ रस्त्यावर इजिप्तचा सुलतान कलावून याची वास्तू आहे, १२८४-८५ची. रस्त्यावरून आत शिरलं की उंच, अंधारा बोळ लागतो. डावीकडे मदरसा, उजवीकडे सुलतानाची कबर आणि बोळ संपतो तिथे दवाखाना, म्हणजे बीमारिस्तान. ‘बिमार’ शब्द आपल्या कानाला परका नाही, म्हणून पाटी वाचताना उगीच आपलेपणा वाटला.

कलावून अमीर, म्हणजे सरदार, असताना दमास्कसला आजारी पडला, तिथल्या नूरुद्दीनच्या दवाखान्यातल्या औषधांनी बरा झाला आणि सत्ता मिळाली तर असाच दवाखाना बांधीन असा नवस बोलला, असं इतिहासकार मकरीझी सांगतो. तापकरी, डोळ्यांचे रोगी, शस्त्रक्रियेचे रोगी, हगवण, बायका, सगळ्यांना वेगळ्या जागा होत्या. वक्फच्या उत्पन्नातून राव-रंक सगळ्यांवर फुकट उपचार व्हायचे. रोगी दगावला तर कफनाचा खर्चही तिथूनच. मात्र हाच मकरीझी हेही लिहितो, की बांधकामासाठी लोकांना वेठीला धरलं होतं आणि त्यामुळे काही धर्मपंडितांना तिथे नमाज पढणं मान्य नव्हतं. दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच मी त्या भिंतींकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर दवाखान्याचे अवशेषच उरलेत. त्या जागेवर आता डोळ्यांचं इस्पितळ आहे. डोळे दिपतात ते कबरीच्या दालनात: संगमरवर, रंगीत काच, लाकडी जाळी. घाई करू नका, भिंतीशी टेकून अर्धा तास बसा. मी बसले तेव्हा इब्न अन-नफीसच डोळ्यांपुढे होता. तो हकीम होता आणि शाफिई या सुन्नी पंथाचा फकीह, म्हणजे धर्मकायद्याचा जाणकारही. मदरशात धर्मशास्त्र शिकवायचा. शेवटच्या आजारात वैद्यांनी औषध म्हणून थोडी दारू सुचवली, तर पोटात दारू घेऊन अल्लाहसमोर जाणार नाही म्हणाला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. १२८८मध्ये वारला तेव्हा आपलं घर आणि सगळी पुस्तकं त्यानं याच दवाखान्याला दिली. हृदयाच्या पडद्यात भोकं असतात असं सांगणाऱ्या प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनच्या विरोधात ठामपणे बोलणारा आणि दारू नाकारणारा माणूस एकच. आपण विज्ञान नि श्रद्धा यांच्यात जी भिंत बांधून ठेवलीय, ती त्याच्या घरात नसावी.

दुसऱ्या दिवशी फुस्तात या कैरोतल्याच जुन्या वस्तीत, बेन एझ्रा सिनेगॉग पाहायला गेले. मूसा इब्न मैमून, म्हणजे ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस, याच वस्तीत राहायचा. त्याचा भाऊ दाविद हिंदुस्थानच्या व्यापारासाठी निघाला आणि समुद्रात बुडाला. त्यानंतर घर चालवायला मूसानं वैद्यकी धरली. ११९९च्या पत्रात तो लिहितो, की रोज सकाळी दरबारात जातो, दुपारनंतर भुकेलेला घरी येतो तर ओसरी ज्यू-बिगरज्यू रोग्यांनी भरलेली; थकून आडवा पडूनच त्यांना औषध सांगतो. आणि तरीही त्यानं ‘गाइड फॉर द परप्लेक्स्ड’ हा तत्त्वज्ञानाचा प्रचंड ग्रंथ लिहिला.

जाणाऱ्यांसाठी: अल-मुइझला मेट्रोच्या तिसऱ्या लाइनवर बाब अल-शारिया स्टेशनला उतरून चालत जाता येतं. फुस्तातला नासर स्टेशनवर गाडी बदलून पहिल्या लाइननं मार गिर्गिसला उतरा, सिनेगॉग जवळच आहे. तिकिटासाठी कार्ड ठेवाच, अनेक सरकारी ठिकाणी रोख घेत नाहीत. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे आणि ओढणी हवी. बोळात उजेड कमी, पायऱ्या उंचसखल, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. एखादा राखणदार बंद दार उघडून दाखवतो आणि बक्षिसी मागतो (शब्द तोच!), सुटे पौंड जवळ असू द्या. मला त्यानं उघडून दिलेल्या दारामागे दवाखान्याचं पडकं आवार होतं, त्यात कोरडं पडलेलं कारंजं. मी तिथे बराच वेळ उभी होते.